न वाकणारी बार्ज

बिल्डरांच्या इमारतींच्या खांबांची डिझाइनं काढून कंटाळलो, म्हणून चाळिशी उलटल्यावर पनवेलच्या एका जहाज-डिझाइनच्या ऑफिसात शिरलो. सहा महिने शिकाऊ. जमलं तर कायम, नाहीतर परत खांब. आणि परतीची वाट मीच बुजवली होती. निघताना तिथल्या साहेबाला "तुमचं काम माकडही करेल" असं ऐकवून आलो होतो.

शेवटच्या महिन्यात हाती आलेलं पहिलंच स्वतंत्र काम उरणच्या एका मालकाच्या बार्जचं, म्हणजे माल वाहणाऱ्या लांबलचक सपाट बोटीचं. लाटेवर ती मधे उचलली जाते, टोकं खाली लोंबतात, मग उलट. हे वाकणं कॉम्प्युटरवर काढायचं. काढलं. स्क्रीनवर बार्ज केळ्यासारखी वाकली! माझी पाचावर धारण बसली. पत्रा जाड केला. तेवढीच वाकली. आणखी जाड केला. तेवढीच. पंधरा दिवस मी तिला पोलाद चारत होतो आणि ती बया निर्लज्जपणे तेवढीच वाकत होती. कुणाला विचारावं? छे! विचारतात ते अडाणी.

मीटिंगला मालक आला. घर मूळचं मिठागरवाल्यांचं, आता धंदा बार्जचा. वजनाचा आकडा पाहून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"रिकामीच एवढी बुडते? मंग माल कुठं भरू, तुमच्या डोक्यावर?"

"पण ती वाकते ना," मी म्हणालो.

आमची सीनियर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तिने माउस ओढून घेतला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक आकडा दाखवला. "सर, डोळ्यांना दिसावं म्हणून सॉफ्टवेअर वाकणं फुगवून दाखवतं. पत्रा कितीही जाड करा, ते चित्र तेवढंच फुगवणार. खरं वाकणं दोन बोटं."

"आता?" मी विचारलं.

"आता नाही, तुमच्या पहिल्या मॉडेलात. तेच बरोबर होतं."

"पंधरा दिस काय केलंत मंग?" मालकाने विचारलं. मी वजनाचा कागद पालथा घातला.

संध्याकाळी इथल्या साहेबांनी बोलावलं. "कायम करत नाही. तीन महिने वाढवतो, तेही तुमच्या सीनियरच्या शब्दावर. ती म्हणते, माणूस मूर्ख आहे, पण एकच मूर्खपणा पंधरा दिवस न कंटाळता केला. एवढी चिकाटी हल्ली मिळत नाही."

स्वाभिमानी माणसाने तिथेच राजीनामा फेकला असता. मी कागदावर सही केली आणि बाहेर येऊन तिला "थँक यू, मॅडम" म्हणालो.