भाड्याच्या खोलीतला एक खिळा
बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. तिला चार दिवस इंदूरला फिरवून आणावं म्हणून मी अॅपवर खोली शोधत होतो. एका फोटोवर तिनं बोट ठेवलं. "अरे, ही मोराची जाळी! ही तर आपली खोली."

खरंच आमचीच. इंदूरला पोलोग्राउंडच्या कारखान्यात बाबा फिटर होते तेव्हा या वरच्या मजल्यावर आम्ही चौदा वर्षं भाड्यानं राहिलो. आता ती एका रात्रीला अठराशे रुपयांत मिळते. बाबा महिन्यालाही एवढे भरत नसत.

घरमालकीण मालतीमावशींची एकच अट होती: भिंतीला खिळा नको. कारखान्यानं बाबांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आईनं हट्ट धरला, बाबांनी खिळा ठोकला. मावशी भडकल्या आणि महिन्याभरात आमचं बिऱ्हाड उठलं. आपल्यामुळे घर गेलं, हे आईच्या मनातून कधीच गेलं नाही. नाशिकला स्वतःचा फ्लॅट झाला तरी ते घड्याळ तिनं खोक्यातच ठेवलं.

पहाटे पाचला नाशिक सोडलं. धुळे, शिरपूरपर्यंत रस्ता झकास. बिजासन घाटात मात्र ट्रकांमागे तासभर रांगलो, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. खलघाटला नर्मदेच्या पुलावर आईनं काच खाली करून हात जोडले. इंदूरच्या वेशीवरचं राऊ आलं तशी ती केस नीट करायला लागली.

दार मावशींच्या सुनेनं उघडलं. "या भिया, सामान वर ठेवा. मम्मीजी झोपल्यात, आजकल लवकर थकतात."

वर एसी, पांढऱ्याशुभ्र चादरी, लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. आईनं थेट भिंत पाहिली. खिळा जागेवरच होता. त्यावर वायफायच्या पासवर्डची पाटी लटकत होती.

सकाळी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली (वरून भुरभुरायचा जिरावण मसाला जास्तीचा मागून घ्या). परत येतो तो आईनं खोली झाडून कुंड्यांना पाणीही घातलेलं.

"अगं, आपण पाहुणे आहोत!"

तेवढ्यात कठडा धरत धरत मालतीमावशी वर आल्या. "सुनंदा, झाडू का मारतेस ग? पैसे देऊन आलीस ना?"

आई झाडू घेऊन तशीच उभी. "मालतीताई, तो खिळा मी ठोकायला लावला होता. ह्यांची चूक नव्हती."

मावशी पलंगावर टेकल्या. "अग, खिळ्याचा तो बहाना होता. मुलाची शादी ठरली, कमरा पाहिजे होता. चौदा साल राहिलेल्यांना जा कसं म्हणू? हिम्मतच नाही झाली. खिळा दिसला, झगडा केला. ते आसान पडलं." चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, "भाऊजींना सांगायला पाहिजे होतं मी."

"ते मागच्या वर्षी गेले, ताई."

खरं सांगतो, मला मावशींचा रागच आला होता. पण दोघी एकमेकींचा हात धरून रडायला लागल्या आणि मी हातातले पोहे घेऊन गच्चीवर सटकलो.

राजवाडा, राजघराण्याच्या समाधीच्या छत्र्या मी एकट्यानंच पाहिल्या. आई मधले दोन्ही दिवस खाली मावशींबरोबर मटार सोलत बसली होती. कचोऱ्या अप्रतिम झाल्या.

घरी पोचलो तर अॅप विचारत होतं, मुक्काम कसा वाटला. मी पाच तारे देत होतो, तेवढ्यात आई खोकं आणि हातोडी घेऊन समोर उभी राहिली.

"आई, त्यात सेल नाहीये."

"सेल उद्या आण," ती म्हणाली. "आधी खिळा ठोक."