भात उबलाय

मला आवडणारे सगळे शब्द घाणेरडे आहेत. शिव्या नव्हेत, घाणीचे शब्द. कुबट, खवट, वशट, ओशट, आंबूस, बुरसटलेलं. मराठीतले गोड शब्द आठवून ज्यांना भरून येतं त्यांना खुशाल येऊ दे. मी बहरीनमधल्या एका केटरिंग कंपनीच्या किचनमध्ये आलेला माल आणि तयार जेवण तपासते. दिवसभर पातेल्यांत नाक खुपसायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच माझं काम.

त्या कागदावर वासासाठी दोन चौकोन आहेत, ओके आणि नॉट ओके. ज्याने हा कागद बनवला त्याला नाक होतं की चष्मा टेकवायची नुसती जागा, याची मला शंका आहे. खवट तेल, आंबूस डाळ, तार सुटलेलं वरण आणि बुरशी धरलेला पाव हे सगळं म्हणे एकाच चौकोनात कोंबायचं. गावी माझी आई कडधान्याच्या डब्याचं झाकण उघडून, आत न बघता, काय बिघडलंय आणि कधीपासून ते सांगायची. तिला कुणी असा कागद दिला असता तर तिने त्यावर लसूण सोलला असता.

सखीरला मोटारींच्या शर्यती व्हायच्या आधी तिथे मांडव, खुर्च्या, कुंपणं उभारायला शेकडो कामगार लागतात, आणि त्यांचं दुपारचं जेवण आमच्याकडून जातं. एका वर्षी नेमक्या त्याच दिवसांत मुलीला शाळेतून चार्ट करायला सांगितला. घरच्या भाषेतले पाच शब्द, जे इंग्रजीत नाहीत पण रोज उपयोगी पडतात, अर्थ लिहून आणि प्रत्येकाचं एक उदाहरण देऊन. मुलगी बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी भराभर सांगितलं. खरकटं, म्हणजे जेवणानंतर ताटाला वाळून चिकटतं ते. कुबट, म्हणजे दीड महिन्याच्या सुट्टीवरून परत आल्यावर माहूजच्या आपल्या फ्लॅटचं दार उघडलं की येतो तो वास. वशट, म्हणजे अंडं खाल्लेली ताटली नीट न घासता त्यात पोहे वाढले की येतो तो. कळकलं, म्हणजे कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की त्याचं जे होतं ते.

"आई, दॅट्स सो ग्रोस," ती म्हणाली. "समथिंग नाइस सांग ना."

"नाइस तुझ्या इंग्रजीत पुष्कळ आहे," मी म्हटलं. पाचवा शब्द नंतर देते म्हणून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला सखीरचे साडेतीनशे डबे गाडीत चढायला तयार होते. भात, डाळ, अंडा मसाला. पहाटे भात चुलीवरून उतरल्या उतरल्या डब्यांत भरून झाकणं लावली होती आणि क्रेटवर क्रेट रचले होते. मी नेहमीप्रमाणे सगळ्यात खालच्या क्रेटमधला मधला डबा काढला, कारण वरचा डबा सगळ्यांनाच दाखवायला ठेवलेला असतो. झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. भात कुजला नव्हता, आंबलाही नव्हता. उबला होता. गरम वाफ कोंडून राहिली की भाताला एक गोडसर, ओलसर, मेणचट वास धरतो, घडी करून विसरलेल्या ओल्या टॉवेलासारखा. गावच्या एका लग्नात असा भात पंगतीला वाढला होता. दुसऱ्या दिवशी अर्धी वाडी आडवी झाली आणि दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून त्या वासाने माझ्या अंगावर काटा येतो.

सुपरवायझरला बोलावलं. त्याने वरवर हुंगलं. "स्मेल तो नॉर्मल है, मॅडम."

आता त्याला सांगायचं कसं? "खराब हो रहा है," मी म्हटलं. "हो रहा है ना, हुआ तो नहीं," तो म्हणाला. सडा नाही, खट्टा नाही, मग आहे तरी काय? माझी हिंदी तिथेच संपली आणि इंग्रजी त्याच्या आधीच संपली होती. साइटवर साडेअकराला जेवण पोचायला हवं होतं. त्याने पेन पुढे केलं. "यल्ला, साइन करो. आपका रिन्यूअल का पेपर मेरे टेबल पे है, आज ही भेजना है." हे तो धमकी म्हणून बोलला नाही, अगदी सहज बोलला, आणि तीच गोष्ट मला अजून किळसवाणी वाटते. माझा व्हिसा त्या महिन्यात संपत होता. मी ओकेच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली.

बाहेर गाडीचा ड्रायव्हर उभा होता. दापोलीकडचे मुसलमान, पन्नाशीचे, मी त्यांना भाई म्हणायचे. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय झाला ताय?"

"भात उबलाय."

बस, दोन शब्द. त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही. त्यांनी एक डबा उघडला, नाकाशी नेला आणि लगेच झाकण दाबलं. "ह्यो माणसाला द्यायचा नाय," ते म्हणाले. मग गाडीत बसले, किल्ली दोनचारदा अर्धवट फिरवली आणि खाली उतरून सुपरवायझरला सांगितलं, "बॅटरी मफी. गाडी नहीं चलेगी."

दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण वाजला. तोवर डबे उन्हात उभ्या गाडीत होते, आणि दार उघडलं तेव्हा जो भपकारा आला तो सुपरवायझरच्या नाकालाही कळला. सगळे डबे कचऱ्यात गेले. सखीरच्या लोकांना खुबूसच्या रोट्या, चीज आणि केळी मिळाली. त्यांनी उशीर झाला म्हणून शिव्या घातल्या असतील, पण कुणी आजारी पडलं नाही. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की मी भाईंसाठी कॅन्टीनमधून चहा आणला.

हा हलकेपणा एकच दिवस टिकला. मॅनेजरने आम्हा तिघांना बोलावलं. त्याच्यासमोर माझा कागद होता. पावणेदहाला भात ओके, खाली सही. म्हणजे भात चांगला होता आणि ड्रायव्हरने गाडी अडवून तो नासवला. त्यात मेकॅनिकने बॅटरी ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं. मॅनेजरने मला विचारलं, गाडीत चढला तेव्हा भात कसा होता?

भाई माझ्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला खराब भाताचे वीस शब्द येतात.

"ओके होता, सर," मी म्हणाले.

भाईंनी माझं नाव घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यांना गाडीवरून काढून पाण्याचे मोठे कॅन पोचवायच्या कामाला लावलं. त्या वयात वीस लिटरचे कॅन खांद्यावरून तीन तीन मजले चढवायचे. माझं रिन्यूअल झालं.

त्या संध्याकाळी मुलगी चार्ट घेऊन बसली. "फिफ्थ वर्ड?" माझ्या तोंडावर आलेला शब्द होता मिंधी. कुणाच्या तरी उपकाराखाली तोंड शिवून बसलेली. इंग्रजीत असा शब्द मला तरी ठाऊक नाही आणि रोज उपयोगी पडावा असा आहे. पण तिला उदाहरण लिहायचं होतं. मी तिला 'लाडोबा' देऊन टाकला. तो तिला फार आवडला.

त्यानंतर किती दिवस मला जेवताना स्वतःच्याच हाताचा वास यायचा. साबणाने तीनतीनदा धुवायचे. नवरा म्हणायचा, काही वास येत नाही, उगाच करतेस.

दोनेक महिन्यांनी अरादच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये भाई भेटले. कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. कॅन उतरवून ते घरासाठी सुकं खोबरं घेत होते. मी मागच्या मागे निघून जाणार होते, तेवढ्यात त्यांनी पाहिलं. मुलीची चौकशी केली. मग हातातली खोबऱ्याची वाटी माझ्यापुढे धरली.

"ताय, जरा वास घेऊन बघ. खवट तर नाय ना?"

मी घेतला. "खवट आहे, भाई. नका घेऊ."

त्यांनी ती वाटी लगेच मागे ठेवली, स्वतः हुंगूनसुद्धा पाहिली नाही. "नाक तुझा खरा हाय," ते म्हणाले.

पुढचं काहीतरी बोलतील म्हणून मी तिथेच उभी राहिले. त्यांनी दुसरी वाटी उचलली, माझ्या नाकाशी धरली आणि विचारलं, "ही?"