चार्जिंगचं बटण

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत आमच्या वाट्याला छपराखालची एकच पार्किंगची जागा आहे. सुनेने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा ठरलं, जी गाडी जास्त भरवशाची, तिला ती जागा. माझी पेट्रोलवरची स्पोर्ट्स सेडान चालू झाली की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. तिची गाडी चालू आहे का, हे आत बसूनही विचारावं लागतं.

नव्या गाडीची पूजा करायला टिटवाळ्याच्या गणपतीला गेलो. परतताना शहाडजवळ बॅटरी संपली. "खेळणं आहे हे," मी म्हणालो. तेव्हापासून सुनेची गाडी रस्त्यावर उन्हात असते आणि चार्जिंग ती ऑफिसात करते.

खरं म्हणजे झोपण्यापूर्वी दिसेल ते बटण बंद करायची मला सवय आहे. पूजेच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये शतपावली करताना मी तिच्या चार्जिंगचंही बटण बंद केलं होतं. शहाडलाच ते आठवलं, पण सेडानला जागा मिळत होती.

परवा चहा पिताना सुनेला सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"बाबा, उद्यापासून तुमची गाडी रस्त्यावर," ती म्हणाली. "आणि शतपावली गच्चीवर."