हाताखाली माणसं किती?

चार माणसं बारा-पंधरा वर्षं एका छताखाली राबली की किस्से साठतातच. टाकवत नाहीत, आणि एक ओढला की दुसरा गुंतून येतो. आमचं ऑफिस बोईसरला, एमआयडीसीत. केमिकल कारखान्यांची यंत्रं कॉम्प्युटरवरून चालवायचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. मी केळव्याची, माझ्यासोबतचा तांडेल दातिवऱ्याचा. दोघं एकाच आठवड्यात लागलो. पुढे मी मॅनेजर झाले, तो प्रोग्रॅमच लिहीत राहिला. किस्से बहुतेक त्याचेच!

*

त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हाताखाली किती मानसं हायत?"

"मानसं नाय. साडेतीनशे वॉल्व हायत."

तांडेलची आई मान खाली घालून बसली. तेवढ्यात आतून मुलगीच बोलली, "ते बंद पडले तर कोनाला बोलावतात?"

"मला."

"मग बाबा, साहेब अजून कोन असतो?"

लग्न ठरलं!

*

मग एचआरचा फॉर्म आला. पुढची वाट निवडा: टेक्निकल की मॅनेजमेंट. मी बरेच दिवस घोळवला आणि मॅनेजमेंटवर खूण केली. तांडेलने दोन मिनिटांत टेक्निकलवर केली. एचआरच्या बाई समजवायला आल्या.

"तांडेल, एवढा अनुभव आहे तुमच्याकडे. वर जायचं नाही का?"

"जातो की मॅडम. कालच चार मजले चढून टाकीवरचा सेन्सर बदलला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं!

*

मॅनेजरच्या खुर्चीतला माझा पहिला महिना वाईट गेला. टीममध्ये राकेश नावाचा नवा इंजिनिअर होता, बिहारचा. त्याचा प्रोग्रॅम अडला की मी त्याला उठवायचे, स्वतः बसायचे आणि तासाभरात काम मिटवायचे. मला वाटायचं, मी मदत करतेय. खरं म्हणजे माझेच हात शिवशिवत असायचे.

एकदा तो उठलाच नाही. हळूच म्हणाला, "मॅडम, सब आप ही कर देती हैं. फिर मैं सीखूँगा कब?"

मी केबिनमध्ये जाऊन बसले. आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते आता करायचं नाही, हीच आपली नोकरी, हे त्या दिवशी कळलं. कुणी मेल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

*

मी बाळंतपणाच्या रजेवर गेले तेव्हा सहा महिने तांडेलला मॅनेजर केलं. त्याला 'नाही' म्हणता येईना. कुणाची भातकापणी, कुणाची हळद, सगळ्यांना रजा! एका कारखान्यात नवी सिस्टीम सुरू करायच्या दिवशी हा एकटाच हजर. तीन दिवस तिथेच राहून त्याने ती एकट्याने सुरू केली.

परत आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं मॅनेजमेंट?"

"सोपं हाय. मानसं नसली की!"

*

आणि हा एक. कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात रिॲक्टरचं तापमान धोक्याच्या वर गेलं आणि आमच्या प्रोग्रॅमने बॅच आपोआप थांबवली. कारखान्याचे साहेब म्हणाले, सेन्सर बिघडलाय, ही सुरक्षा बायपास करा आणि बॅच पुढे चालवा. तांडेल तिथेच होता. म्हणाला, आधी तपासू. साहेबांनी आमच्या डायरेक्टरांना फोन लावला. डायरेक्टरांनी मला.

"तो तुझा माणूस आहे ना? सांग त्याला!"

मी गाडी काढली आणि गेले. कंट्रोल रूममध्ये तांडेल स्क्रीनसमोर बसलेला. साहेब त्याच्या डोक्यावर उभे. खाली प्लँटमध्ये दुपारची पाळी कामाला लागलेली. टेबलावर त्याचा फोन थरथरत होता, कॉल डायरेक्टरांचाच. त्याचा एक हात माउसवर, दुसरा फोनकडे निघालेला.

मी विचारलं, "सेन्सर खोटा आहे?"

"मला नाय वाटत. पन खात्री नाय."

"खात्री करायला काय लागेल?"

"गार पान्याची लाइन खोलायला लागेल. दोन तास."

मी त्याचा फोन उचलून माझ्या पर्समध्ये टाकला. साहेबांना म्हटलं, "दोन तास द्या. काय बोलायचं ते माझ्याशी बोला." ते बोलले. खूप बोलले. मग बाहेर व्हरांड्यात उभी राहून मी त्याच्या फोनवर आलेला एकेक कॉल घेत राहिले.

फिटरने लाइन खोलली. फिल्टर गाळाने गच्च भरलेला. पाणी रिॲक्टरपर्यंत पोचतच नव्हतं. सेन्सर खरं बोलत होता. बॅच वाया गेली. माणसं पाळी संपवून घरी गेली.

गेटबाहेर आल्यावर मी तांडेलला त्याचा फोन दिला. त्याने स्क्रीन बघितली.

"सतरा कॉल?"

"सतरा."

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "दुसऱ्याच फोनला मी बायपास केलं असतं."