पळवून दाखव

अनुसयामावशी दुकानात काहीही घ्यायला गेल्या की एकच हुकूम सोडायच्या, "पळवून दाखव!" मग तो मिक्सर असो, टॉर्च असो, नाहीतर छत्री. टाकवे बुद्रुकला त्यांच्या गोठ्यात शर्यतीचे बैल वाढलेले. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळताना पाहिल्याशिवाय बैलाचा इसार द्यायचा नाही, ही बैलगाड्याची रीत बाईंनी सगळ्या जगाला लावली होती.

पुढे मालक गेले, बैल विकले, मुलगा बंगळुरूला स्थिरावला. मी त्यांचा शेजारी. कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, म्हणून त्यांच्या लेखी मास्तर. एक दिवस त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"मास्तर, सई माझ्याशी बोलतच न्हाई ओ. फोनवर 'बरी आहे आजी' म्हनती, अन् फोन बापाकडं. बाप म्हनतो, गाड्या पळवायच्या खेळात जे संगं असत्यात, त्येंच्याशीच ती बोलती. मंग मला बी त्यो खेळ पायजे."

"मावशी, या वयात?"

"मंग काय फुडल्या जन्मी?"

मला हसू फुटलं होतं, पण त्यांचे डोळे पाहून ते गिळलं. एकुलती एक नात हातातून निसटत होती.

तळेगावच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने आधी एक काचेची पेटी पुढे केली. आत लाल-निळे दिवे नाचत होते. मावशी तिच्याभोवती फिरल्या. "शिंगं रंगवली म्हून बैल पळतो व्हय? पळवून दाखव."

दुकानदार कुरकुरला, पण गेम लावला. पहिल्याच वळणावर गाडी अडखळायला लागली. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, दिवे राहू द्या, साधी काळी पेटी बघू. अशा हलक्याफुलक्या खेळाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, चांगल्या प्रोसेसरमध्ये असतं तेवढं पुरतं. त्यापेक्षा रॅम भरपूर घ्या आणि एसएसडी टाका, म्हणजे वीजबिल, सातबारा, कीर्तन सगळं झटपट उघडेल.

"रॅम म्हंजे?"

"गोठ्यातली जागा. कमी पडली की जनावरं एकमेकांना ढुशा देतात."

एवढं त्यांना पुरलं. काळी पेटी न अडखळता पळाली. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. "तापली न्हाई. बांधा."

घरी आल्यावर पहिला प्रश्न, "कासरा कुटं हाय हिचा?" बाणांची बटणं दाखवली. पुढचे कित्येक दिवस मावशींची गाडी कठड्याला धडकत राहिली. सई तिकडून "आजी, लेफ्ट! राइट!" एवढंच ओरडायची आणि खेळ संपला की गायब. मावशी मला बजावायच्या, "जिकल्यावर बोलंल ती. बघाच तुमी."

आणि एका रविवारी दुपारी मावशी जिंकल्या! खुर्चीतून ताडकन उठून शर्यतीच्या घाटातल्यासारख्या गरजल्या, "भिर्रर्र! झाली, झाली, झाली!" आता बाई भानावर राहतील कशाला? जिंकलेल्या बैलावर उधळतात तसा देव्हाऱ्यातला भंडारा मूठभर आणला आणि थेट पेटीवर उधळला. पंख्याने तो आत ओढला, पेटी घरघरली आणि पडदा काळा.

"अहो मावशी, काय केलंत हे!" मी कपाळावर हात मारला.

मावशींनी काळ्या पडद्यावर थाप मारून पाहिली. "सई गेली का ओ?"

तेवढ्यात फोन वाजला. सईचा. तिने आपणहून केलेला पहिला फोन.

"आजी, तू पडलीस का? आणि भिर्रर्र म्हणजे काय? सांग ना!"

मावशी सांगायला लागल्या. बैलांची नावं, त्यांचे नखरे, घाटातली गर्दी. तिकडून पोरगी खिदळत होती, इकडे म्हातारी डोळे पुसत होती. मी पेटी उघडून ब्रशने भंडारा झाडत बसलो. उन्हं उतरली, पेटी पुन्हा सुरू झाली, तरी यांचं बोलणं संपेना.

मग दोघींची रोज शर्यत, रोज भांडण. गेल्या वर्षी मावशी गेल्या, त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा जिंकूनच उठल्या होत्या.

दहाव्याला सई आली. तिला आजीची पेटी बंगळुरूला न्यायची होती, म्हणून मी ती साफ करायला घेतली. पंख्याच्या कडेला पिवळेपणा अजून होता. फडकं लावणार, तोच तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या काका. आजीच्या जिकल्याचा भंडारा हाय त्यो."