ओल्या हातांची सोबत

कुमुदताई कर्णिक यांची आणि माझी पहिली भेट बसमध्ये झाली. त्या भेटीत त्यांनी माझे नाव विचारण्याआधी माझ्या हातात एक डबा दिला.

माझ्या यजमानांना जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. घरात बसवत नसे. मी बेडोकहून मिळेल ती बस पकडायची, वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसायची आणि शेवटच्या थांब्यावरून तशीच परत यायची. त्या दिवशी पायांत कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक वयस्कर बाई शेजारी येऊन बसल्या. "जरा धराल का? चष्मा पुसते," असे त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी डबा धरला आणि बसने ब्रेक मारला. डब्यातले पाणी माझ्या मांडीवर सांडले आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघाले.

"मराठी का तू?" त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिले. "मग वास ओळखला असशील."

ओळखला होता. मोड आलेले कडवे वाल. सिंगापूरच्या बसमध्ये, दुपारच्या उन्हात.

"खाली ड्रायव्हरनेही वास घेतला," त्या म्हणाल्या. "मला म्हणतो, आँटी, ड्युरियन इज इट? कॅनॉट, लाह. मग डबा उघडून दाखवला त्याला. तो म्हणाला, ड्युरियन बरा."

ड्युरियन म्हणजे इथले उग्र वासाचे फळ, बसमध्ये न्यायला बंदी असलेले. मी हसले. कित्येक दिवसांनी हसले, हे घरी आल्यावर लक्षात आले.

आपल्या वाचनमंडळातल्या बहुतेकांना कुमुदताई माहीत आहेत त्या पुस्तकांच्या कपाटामुळे. ते कपाट त्या वर्षानुवर्षे सांभाळत आहेत आणि त्याविषयी या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मी लिहिणार आहे त्या वालांच्या डब्याविषयी, कारण तो डबा कुठे जातो हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

इथल्या किनाऱ्यावर बचावनौकांचे एक स्वयंसेवी पथक आहे. कोणाची कयाक उलटली, कोणाची मासेमारीची होडी बंद पडली, की ही माणसे हातातले काम टाकून पाण्यात जातात. त्यांत टॅक्सी चालवणारे आहेत, बँकेत काम करणारे आहेत, शिक्षक आहेत. कुमुदताई पूर्वी त्यांच्यासाठी चहाचे थर्मास घेऊन धक्क्यावर जात. एके दिवशी त्यांनी पाहिले, की परतलेल्या मुलांभोवती चहा देणारे, पाठ थोपटणारे पुष्कळ होते. पण रस्त्याच्या कडेला बसथांब्यावर एक मलय बाई एकटीच उभी होती, समुद्राकडे तोंड करून. बस येत होत्या, जात होत्या, ती चढत नव्हती. तिचा मुलगा दुसऱ्या नौकेवर होता आणि ती नौका अजून यायची होती. कुमुदताई थर्मास घेऊन तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि नौका येईपर्यंत बसून राहिल्या. त्या मकचिक रोहानी. मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी.

"चहा द्यायला दहा हात आहेत," कुमुदताई म्हणतात. "वाट बघणारीच्या शेजारी एकही नव्हता."

तेव्हापासून त्यांनी धक्क्यावर जाणे सोडले आणि घरांकडे जायला सुरुवात केली. पथकातल्या कोणीतरी कळवायचे, की अमका पाण्यात गेला आहे. मग वेस्ट कोस्टच्या आपल्या घरातून त्या बसने निघायच्या, कधी ईस्ट कोस्टला, कधी चांगीला, कधी पार पुंगोलला. मी एकदा विचारले, "ताई, एमआरटी मेट्रोने लवकर पोचाल ना?" त्या म्हणाल्या, "एमआरटीतून वारा दिसत नाही. झाडं किती वाकलीत, पाण्यावर पांढरं किती आहे, ते बघत जाते. दारात पोचल्यावर खोटं बोलायचं नसेल, तर खरं काय आहे ते आधी माहीत हवं."

खोटे न बोलणे म्हणजे काय, ते मला नंतर कळले. "काही होणार नाही, सगळं ठीक होईल," हे वाक्य त्यांनी कोणाच्याही घरात कधी उच्चारलेले नाही. त्या बसतात, डबा उघडतात, परातीत कोमट पाणी घेतात आणि घरच्या बाईला म्हणतात, "चल, सोलायला लाग." वाल सोलणे हे दोघींचे काम आहे. एकटीला कंटाळा येतो, मोड तुटतात. शिवाय हात सतत पाण्यात राहतात, आणि ओल्या बोटांना मोबाइल ओळख देत नाही. दर मिनिटाला फोन उघडून बघण्याची सोयच राहत नाही. रेवदंड्याला त्यांच्या लहानपणी होड्या यायला उशीर झाला, की त्यांच्या आई शेजारणींना बोलावून वाल सोलायला बसवत. मोबाइल नव्हते, पण दाराकडे धावणारे पाय होतेच.

मकचिक रोहानींनी पहिल्यांदा वाल हातात घेतला तेव्हा विचारले होते, "याचे कपडे कशाला काढायचे? गार वाजेल त्याला." आता त्या कुमुदताईंपेक्षा भरभर सोलतात आणि बिरड्यात नारळाचे दूध जरा जास्त घालतात.

मोड यायला दोन दिवस लागतात आणि समुद्र आधी कळवत नाही. म्हणून कुमुदताईंच्या ओट्यावर वाल कायम असतात: काही भिजत घातलेले, काही फडक्यात बांधलेले, काही तयार. कोणी पाण्यात गेले नाही तर घरी बिरडे. त्यांचे यजमान, आमचे अण्णा, बोटीवर इंजिनिअर होते. ते म्हणतात, "मी समुद्रावर असताना ही घरी रोज काय खायची, ते मला रिटायर झाल्यावर कळलं. आता शिक्षा मीही भोगतोय." कुमुदताई त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढतात.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुस्तकांची गोडी मला कुमुदताईंनी बसमध्ये लावली. वालांच्याच पिशवीत माझ्यासाठी पुस्तक असे आणि पुष्कळदा त्याची कड ओली झालेली असे. वाचून झाल्यावर "आवडलं का?" असे त्यांनी कधी विचारले नाही. त्या विचारत, "कुठे थांबलीस?" मी थांबले असेन ती जागा सांगायची आणि का थांबले ते शोधायची. त्यातून मी वाचायला शिकले. आज हा लेख लिहिते आहे, तेही त्यातूनच.

आता निखिलविषयी. निखिल माझा एकुलता एक मुलगा. नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथली सक्तीची सैनिकी सेवा, संपली, नोकरी लागली आणि एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आई, मी रेस्क्यू बोटवर जॉइन होतोय. वीकएंडला ओन्ली." माझा घास हातातच राहिला.

माझे यजमान त्या शेवटच्या दिवशी सकाळी डबा घेऊन तांजोंग पगारच्या ऑफिसला गेले होते. दुपारी फोन आला तेव्हा सगळे होऊन गेलेले होते. माझ्या वाट्याला वाट बघणेसुद्धा आले नाही. तेव्हापासून मला फोन वाजण्याची भीती वाटते, अजूनही वाटते. आणि ज्या कामात फोनची वाट बघायची असते, नेमके तेच काम माझ्या मुलाने निवडले.

मी कुमुदताईंकडे गेले. म्हटले, "ताई, तुम्ही त्याला सांगा. तुमचं ऐकेल तो. म्हणावं, आईला कोणी नाही."

त्यांनी फडक्यातले वाल उघडून बघितले. मग म्हणाल्या, "सुनंदा, मी त्याला जाऊ नको म्हणणार नाही. जा असंही म्हणणार नाही. पोर तुझं. तो पाण्यात गेला की मी तुझ्याशेजारी येऊन बसेन, एवढं मात्र नक्की."

मला राग आला. सांत्वन मागायला गेले होते आणि त्यांनी नुसता शेजार देऊ केला. लिफ्टमध्ये मी रडले.

मग तो शनिवार आला. दुपारी निखिलचा निरोप आला: "आई, निघतोय. जेवून घे." दोन मुलींच्या कयाक वाऱ्याने जहाजांच्या वाटेकडे वाहत गेल्या होत्या. पश्चिमेकडे आभाळ शाईसारखे झाले. सुमात्राकडून वादळ येते तेव्हा इथे असेच होते. थोड्या वेळात वारा असा सुटला, की गॅलरीतले कपडे काढायलाही मी धजले नाही. आमच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते. ती पावसात पुसून गेली.

बेल वाजली. दारात कुमुदताई, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, डबा मात्र कोरडा.

"बसमधून काय दिसलं?" मी विचारले.

"जहाजंसुद्धा दिसत नव्हती," त्या म्हणाल्या. "परात कुठे आहे?"

आम्ही सोलायला बसलो. माझ्या बोटांतून वाल निसटत होते, मोड मोडत होते. त्या मोडलेले बाजूला काढत राहिल्या. आणि फोन वाजला. मी झडप घातली. ओले बोट पडद्यावरून फिरवते आहे, फिरवते आहे, फोन काही उचलला जात नाही.

"वाजू दे," कुमुदताई म्हणाल्या. "आधी हात पूस. नीट पूस."

पुसेपर्यंत तो बंद झाला. अनोळखी नंबर होता. मी उलटा फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आँटी, पार्सल. यू होम ऑर नॉट?"

मी फोन खाली ठेवला. कुमुदताई उठल्या, खाली जाऊन पार्सल घेऊन आल्या. तांदूळ होते. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "बिरड्याबरोबर भात लागतोच." मला हसू आले नाही, पण श्वास आला. पुन्हा हात पाण्यात घातले. त्या वेळी मी त्यांच्या हातांकडे पाहिले. त्यांचेही हात कापत होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

परातीतले सगळे वाल सोलून झाले आणि त्यानंतर निखिलचा फोन आला. हात कोरडे होते. "आई, आलो बाहेर. त्या दोघी ओके आहेत. खूप भूक लागलीय."

मी वळून बघते तो कुमुदताई बूट घालत होत्या. थांबा म्हटले, तर म्हणाल्या, "येणाऱ्याला घरच्याच माणसाने दार उघडायचं असतं. बिरडं तिखट करू नको, त्याचं तोंड खारं झालेलं असेल." परतलेल्या माणसाचे आभार घ्यायला त्या कधीच थांबत नाहीत. सोललेले वालही परत नेत नाहीत.

निखिलला मी अजून जाऊ नको म्हटलेले नाही. भीती गेली असे मात्र कोणी समजू नये. ती घरातच आहे, फक्त आता तिला बसायला जागा आहे.

गेल्या महिन्यात बसने ब्रेक मारला आणि कुमुदताई पडल्या. मनगटाचे हाड मोडले.  डॉक्टरांनी एकटीने बसने फिरायला मनाई केली. त्यानंतरच्याच आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "पुंगोलला स्नेहलचा नवरा पाण्यात गेलाय. लेक लहान आहे तिची. माझ्याने जाववत नाही. अण्णा वाल घेऊन तुझ्या बसथांब्यावर आले आहेत. तू जा."

अण्णांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सांडू नको. घरी शिल्लक राहिले तर मला खावे लागतील." पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. बायकोला घरात बसलेले बघायची त्यांना सवय नाही.

मी वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसले आणि पहिल्यांदाच झाडांकडे नीट पाहिले. वारा बेताचा होता. स्नेहलने दार उघडले तेव्हा फोन तिच्या मुठीत होता. "काकू, काही नाही ना होणार?" तिने विचारले. ते वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मी म्हटले, "वारा बेताचा आहे. परात आण." तिच्या मुलीने एक वाल दाबून बघितला आणि म्हणाली, "आँटी, धिस वन सो स्लिपरी लाह!" वाल उडून सोफ्याखाली गेला. स्नेहल हसली. तिचा नवरा चहाच्या वेळेला सुखरूप परतला. तो यायच्या आधी मी बूट घातले होते.

कुमुदताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. समारंभाला त्या बसनेच येणार असे म्हणतात, आणि त्यांना कोण अडवणार याची आम्हा सगळ्यांना काळजी आहे. त्यांना मी दीर्घायुष्य चिंतिते, ते निव्वळ प्रेमापोटी नाही. या किनाऱ्यावर अनेक घरांत अनेक बायका वाट बघत बसतात आणि त्यांना तुमचा शेजार लागतो, ताई. तुमचे मनगट जुळो, गुडघे साथ देवोत, डोळ्यांना लांबची जहाजे स्पष्ट दिसत राहोत. अण्णांच्या ताटात तुमच्या हातचे बिरडे अजून पुष्कळ वर्षे पडो आणि अण्णा तक्रार करत ते संपवोत.

लेख इथेच संपवायचा होता. पण दुपारी निखिलचा निरोप आला आहे आणि पश्चिमेकडे आभाळ भरले आहे. मगाशी बेल वाजली. दारात कुमुदताई, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने अण्णांचा दंड धरलेला. डबा अण्णांकडे.

"डॉक्टरांनी एकटीने नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "मी एकटी कुठे आहे?"

"मला धरून आणलंय," अण्णा म्हणाले.

मी विचारले, "बसमधून काय दिसलं?"

"पाण्यावर पांढरं आहे," त्या म्हणाल्या. "पण जहाजं दिसतायत."

त्यांना एका हाताने सोलता यायचे नाही. त्या नुसत्या शेजारी बसणार आहेत. अण्णांनी परात घेतली आहे, पाणी कोमट झाले आहे. आता हात ओले करायचे आहेत, म्हणून लेखणी खाली ठेवते.