खिळेमामांनी स्वतः जुळवलेली नोटीस

खिळेमामांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, होळीच्या आदल्या शनिवारी, सकाळी साडेअकरा वाजता. वेळ मी छातीठोक सांगतोय, कारण अन्याय करणाऱ्यांतला एकजण तिथे हजर होता. काशीमीऱ्याच्या नाक्यामागच्या छापखान्यात, मामांच्या समोर, हातात पेन घेऊन. तो मी.

मामा त्या छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे खणांतून उचलायचे आणि एकेक अक्षर शेजारी लावून ओळ उभी करायची, हे त्यांचं काम. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. तीस वर्षं उलटं वाचून मामांना सुलट-उलट असा भेदच उरला नव्हता. टपरीवर समोरच्या माणसानं पेपर टेबलावर पसरला की मामा पलीकडून, वरचं खाली अशा अवस्थेत, सगळी बातमी वाचून काढत आणि वर म्हणत, "पान उलटा राव, पुढचं आत आहे." लोक दचकायचे. एकदा एक हवालदार तर पेपर तिथेच टाकून गेला.

शिक्षण सातवी. गाव माणगावकडचं. आणि इंग्रजी असं, की कॉलेजात गेलेल्यांनी गप्प बसावं. ते त्यांना कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं, ओळीच्या टोकानं शिकवलं होतं. ओळ संपते, शब्द मावत नाही, मग तो तोडावा लागतो. भलत्या ठिकाणी तोडला की जुने मुद्रितशोधक बोंब मारायचे. मार खात खात मामांना शब्दांचे सांधे कळले. "खाटीक बघ," ते म्हणायचे, "शहाणा असला तर हाडावर सुरी घालत नाही, सांध्यावर ठेवतो. शब्द आपोआप सुटतो."

माझी गाठ पडली अठ्ठ्याऐंशी साली. दहावीला इंग्रजीत माझी दांडी उडाली होती आणि मी त्या रागात वसाहतीच्या पाण्यासाठी पत्रकं लिहायला लागलो होतो. पहिलं पत्रक घेऊन छापखान्यात गेलो. मामांनी मजकूर वाचला आणि विचारलं, "पाणीपुरवठा खंडित. इंग्रजीत काय म्हणशील?"

"इंग्रजीत मी नापास आहे."

"ते विचारलं नाही. इंटरप्टेड. इंटर म्हणजे मध्ये, रप्ट म्हणजे तुटलेलं. आता बँक तुटली तर?"

"बँकरप्ट?"

"आणि ज्वालामुखी फुटून बाहेर आला तर इरप्ट. आणि माणूस सगळाच्या सगळा आतून फुटला तर?"

मला येईना. मामांनी माझ्याच पत्रकातल्या एका नगरसेवकाच्या नावावर बोट ठेवलं. "करप्ट," मी ओरडलो. पाच मिनिटांत चार शब्द, आणि आजतागायत एकही विसरलेलो नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला पास झालो. ते कुणामुळे, हे पत्रक काढून कधी सांगितलं नाही, एवढं खरं.

मग मीच वसाहतीच्या मंडळात भांडून तिथली अभ्यासिका रविवारी सकाळी मामांना मिळवून दिली. सात वर्षं तो वर्ग चालला. फी नाही, फळा नाही, पाठांतर नाही. प्रत्येकानं आठवड्यात रस्त्यावर दिसलेला एक अवघड इंग्रजी शब्द आणायचा. हायवेवर शब्दांना काय तोटा! ट्रकांच्या पाठी, गोदामांचे बोर्ड, खोक्यांवरचे छाप. पण नियम कडक होता. डिक्शनरी शेवटी. आधी शब्दाचे सांधे सोडवायचे, आणि मग शेजाऱ्यांना विचारायचं.

शेजारी म्हणजे आजूबाजूचे शब्द. "चाळीत माणूस सापडला नाही तर काय करता? शेजारी विचारता. कामावर गेला असेल, दवाखान्यात असेल, तेच सांगतात. शब्दाचंही तसंच. मूळ अर्धं सांगतं. उरलेलं शेजारी."

हे अर्धं-अर्धं काय असतं ते फिलूमुळे कळलं. फिलू चौक गावातली कोळ्यांची पोर, दोन बस बदलून यायची, आल्या आल्या अख्खी खोली डोक्यावर घ्यायची. एका रविवारी तिनं टँकरच्या पाठीवरचा शब्द आणला, इनफ्लेमेबल. "सोपा हाय, मामा. इन म्हंजे न्हाय. फ्लेम म्हंजे जाळ. मंजे ह्यो टँकर पेटत न्हाय!"

मामा हसले नाहीत. सगळ्यांना उठवलं, चालत नाक्यावर नेलं, एका उभ्या टँकरच्या मागे आणलं. "फिलूबाई, शेजारी बघा जरा." शेजारी लाल रंगात ज्वाळेचं चित्र. त्याखाली विडी-सिगारेट ओढू नये. बाजूला वाळूची बादली लटकलेली.

"आयो," फिलू म्हणाली, "ह्यो तर भडकतो!"

"इथला इन म्हणजे नाही नव्हे. आत, आतपर्यंत पेट घेणारा. मुळावर आंधळा विश्वास ठेवलास तर भाजशील. शेजाऱ्याला विचारायला लाजू नकोस." तेवढ्यात टँकरचा क्लीनर खाली उतरला, "ओ चाचा, क्या देख रहे हो, गाडी चोरी करनी है क्या?" मामा म्हणाले, "नहीं भाई, स्पेलिंग देख रहे हैं." क्लीनर अजून तो किस्सा सांगत असेल.

आता अन्यायाकडे येतो.

सिल्व्हर पार्कच्या बाजूला इंग्लिश स्पीकिंगचा एक नवा क्लासवाला आला. टाय लावायचा. त्याला रविवारी अभ्यासिका हवी होती, बदल्यात पंखे आणि बाकं द्यायला तयार होता. मंडळाच्या समितीच्या बैठकीत तो म्हणाला, "वो प्रेस का कामगार बच्चों को इंग्लिश पढ़ाता है? सर्टिफिकेट है उसके पास?" आमचे चिटणीस पंख्यांकडे आधीच डोळे लावून बसले होते, त्यांनी तिथेच ठराव सह्यांसाठी फिरवला. मी त्या बैठकीला नव्हतो. पाण्याच्या मोर्चाच्या तयारीत होतो. मोठा कार्यकर्ता ना मी!

शनिवारी चिटणिसांनी माझ्या हातात एक कागद दिला. "अरे, जाता जाता छापखान्यात टाक. नोटीस आहे, उद्या लावायचीय." मंडळाचं सगळं छपाईचं माझ्याकडेच असायचं. कागद इंग्रजीत होता, लांबलचक. मी वाचला नाही. घडी केली आणि खिशात घातला.

मामांनी कागद घेतला, वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खिळे उचलायला लागले. मी बाकावर बसून मोर्चाच्या घोषणा लिहीत होतो. खिळ्यांचा टक-टक आवाज येत होता, नेहमीसारखाच. तासाभरानं त्यांनी प्रूफ काढून पुढे ठेवलं. छापखान्याचा रिवाज असतो. गिऱ्हाइकानं प्रूफ वाचायचं, खाली लिहायचं, छापण्यास हरकत नाही, आणि सही करायची. त्याशिवाय मशीन फिरत नाही.

"वाच," मामा म्हणाले.

"तुम्ही जुळवलंय ना, मग काय वाचायचं? कुठे सही?"

"वाच रे एकदा."

"मामा, मोर्चाची गडबड आहे."

"वाचलंस?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी हो म्हणालो. छापण्यास हरकत नाही, असं स्वच्छ मराठीत लिहिलं आणि सही ठोकली. साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेला कुलूप. दारावर नोटीस. बाहेर वीसेक मुलं उभी. मी पोचलो तेव्हा फिलू ती मोठ्यानं वाचत होती. डिक्शनरी नाही, कुणाची मदत नाही. सांध्यावर सुरी ठेवून एकेक शब्द सोडवत होती. "रेकग्नाइज्ड क्वालिफिकेशन नसलेल्यांना... प्रोहिबिटेड. प्रो म्हंजे म्होरं. हिबिट म्हंजे धरणं. म्होरं हात आडवा धरलाय." पुढे शेजारी पाहिले. "इन्स्ट्रक्शन. शिकवणं. मंजे मामांना हितं शिकवायला बंदी हाय."

फिलू माझ्याकडे वळली. "दादा, खाली तुमच्याच मंडळाचं नाव हाय. तुमाला म्हाईत होतं?"

मामांच्या सात वर्षांच्या शिकवणीचा याहून पक्का दाखला कुठल्या विद्यापीठानं दिला असता? आणि तो त्यांना हाकलणाऱ्या कागदावर मिळाला. मी तसाच छापखान्यात धावलो. रविवार असूनही मामा तिथेच होते, वापरलेले खिळे परत आपापल्या खणांत टाकत होते. त्याच नोटिशीचे.

"मामा, तुम्हाला कळलं होतं!"

"पहिल्या ओळीतच."

"मग जुळवलीत कशाला? फेकून द्यायचा कागद!"

"मूळ मजकुरात दोन चुका होत्या, त्याही दुरुस्त केल्या," ते शांतपणे म्हणाले. "चुकीची नोटीस माझ्या हातून गेली असती तर बरं दिसलं नसतं."

"पण का?"

त्यांनी हातातला खिळा खणात टाकला. "जुळाऱ्यानं मजकुराशी भांडायचं नसतं, बाळा. ते वाचणाऱ्याचं काम. प्रूफ तुला कशाला दिलं होतं?"

एवढंच. ना शिवी, ना रडणं. शिवी दिली असती तर मी आज सुखानं झोपलो असतो.

पावसाळ्याआधी छापखान्याच्या मालकानं कॉम्प्युटर आणला. खिळे भंगारात गेले. मामा माणगावला गेले. एसटीत बसताना त्यांनी मला एक पाकीट दिलं. आत ते प्रूफ होतं, माझ्या सहीचं. पाठीमागे पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता, रिस्पेक्ट. सांध्यावर बारीक रेघ मारलेली. स्पेक्ट म्हणजे पाहणं. रि म्हणजे परत, मागे वळून. बाकी शेजारी विचार, असं त्यांनी लिहिलं नव्हतं. मला ऐकू आलं.

म्हणून शेजाऱ्यांनो, तुम्हाला विचारतोय. ती नोटीस अजून त्या दारावर आहे. आत पंखे फिरतायत, टायवाल्याचा क्लास चाललाय, आणि फी न परवडणारी वीस पोरं बाहेर राहिलीयत. फिलू आता एवढ्या लांब येतच नाही. समितीच्या ठरावावर तुमच्याही सह्या आहेत. मी पाहिल्यात. तुम्हीही तो वाचला नव्हता, हे मला ठाऊक आहे, कारण मी तुमच्यातलाच आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला अभ्यासिकेच्या दारात या. नोटीस शेवटपर्यंत वाचा. आणि मग ती स्वतःच्या हातानं उतरवा. तिथून मी माणगावची एसटी पकडणार आहे, मामांना आणायला. माझ्याबरोबर चला. एकट्या माझ्या तोंडाकडे पाहून ते येणार नाहीत.

आणि हा कागद तरी घडी करून खिशात घालू नका.